गर्भाक्षेपक (एक्लॅम्प्सिया)

गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर, प्रसूतीच्या वेळी किंवा बाळंतपणानंतर, अपस्मारासारखे अन्य कारण नसताना येणारी आकडी. तिच्या आधी बहुधा पूर्वगर्भाक्षेपक ही अवस्था असते : रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक आणि बहुतेकदा लघवीत प्रथिन. पहिलटकरणींत प्रमाण अधिक, हे मोरिसो या फ्रेंच प्रसूतितज्ज्ञाने सतराव्या शतकातच नोंदवले होते.

रोगाच्या प्राचीनत्वाविषयी मतभेद आहेत. इ. स. पू. सुमारे १८०० च्या काहून पपायरस या प्राचीन इजिप्ती वैद्यकीय लेखातील, प्रसूतीच्या दिवशी स्त्रीने चावू नये यासाठीच्या उपायाचा संबंध काहींनी आकडीशी जोडला. तो मजकुराच्या वाचनावरच अवलंबून आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मूढगर्भाच्या (अडलेल्या गर्भाच्या) प्रकरणी, डोके झटकणाऱ्या, अंग गार पडलेल्या, निर्लज्ज झालेल्या व निळ्या शिरा वर आलेल्या स्त्रीचे वर्णन करून ‘ती गर्भाला मारते आणि गर्भ तिला’ असे म्हटले आहे. यात गर्भाक्षेपक पाहण्याचा मोह होतो; पण आकडीचा स्पष्ट उल्लेख नाही, आणि वर्णन अडलेल्या बाळंतपणाशी अधिक जुळते. त्याच ग्रंथात गर्भपात वा अतिरक्तस्रावानंतर होणारा असाध्य म्हटलेला अपतानक हा झटक्यांचा वातविकार धनुर्वाताकडे झुकतो. अपस्मारापासून या आकडीला वेगळे काढण्याचे श्रेय सामान्यतः फ्रेंच वैद्य द सोव्हाज (१७३९) यांना देतात. रोग्यांच्या लघवीतील प्रथिन इंग्रज डॉक्टर लेव्हर यांनी लंडनच्या गाय्ज रुग्णालयात १८४३ मध्ये दाखवले.

रक्तात विष साठते या कल्पनेतून ‘गर्भिणी विषबाधा’ हे नाव आले. ते विष कधी सापडले नाही. हल्ली मूळ वारेत शोधतात. गर्भाशयाच्या सर्पिल रोहिण्या (नागमोडी धमन्या) पुरेशा रुंदावत नाहीत, वारेला रक्त कमी पडते आणि तिच्यातून सुटणारी प्रथिने आईच्या रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडवतात. आई मेंदूतील रक्तस्राव, फुप्फुसात पाणी भरणे, यकृत वा मूत्रपिंड निकामी होणे यांनी दगावते. गर्भ वाढ खुंटून, वार अवेळी सुटून किंवा अपुऱ्या दिवसांचा जन्मून.

लघवीची जुनी तपासणी साधी आहे. परीक्षानळीतील लघवीचा फक्त वरचा भाग स्पिरिटच्या दिव्यावर तापवतात. गढूळपणा आला की सौम्य ॲसिटिक आम्लाचे थेंब टाकतात. निवळला तर फॉस्फेट, टिकला तर प्रथिन.

मॅग्नेशियम सल्फेट, बोलीत ‘मॅगसल्फ’, हे मुख्य औषध. १९९५ च्या बहुदेशीय चाचणीत ते आकडी पुन्हा येणे रोखण्यात डायझेपाम व फेनिटॉइनपेक्षा सरस ठरले. २००२ च्या मॅगपाय चाचणीत पूर्वगर्भाक्षेपकाच्या स्त्रियांत आकडीचा धोका निम्म्याहून कमी झाला. प्रत्येक पुढील मात्रेआधी गुडघ्याचा झटका (गुडघ्याखाली ठोकल्यावर पाय आपोआप उडणे), श्वासगती व लघवीचे प्रमाण पाहतात. झटका नाहीसा होणे ही विषारीपणाची पहिली खूण, आणि उतारा कॅल्शियम ग्लुकोनेट. खरा उपाय प्रसूतीच. दिवस कमी असल्यास किती थांबावे, हा निर्णय कठीण.

अधिक धोका असलेल्यांना सोळाव्या आठवड्याआधी अल्पमात्रेत ॲस्पिरिन सुरू करतात; आहारात कॅल्शियम कमी असल्यास ते देतात. मीठ तोडण्याचा उपयोग दिसलेला नाही, तरी सल्ला चालू आहे.

आकडी बाळंतपणानंतरही, बहुधा पहिल्या ४८ तासांत, क्वचित घरी परतल्यावर येते. असह्य डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे काजवे ही तिची आधीची खूण. दातखीळ बसलेल्या बाळंतिणीला ‘बाहेरचे’ झाले असे समजून गाडी सांगायला उशीर होतो.