स्टाइनमेट्झ सरांचा ‘जे’ आणि निफाडची मोटर

निफाडकडच्या द्राक्षबागेत विहिरीवरची पाच एचपीची थ्री-फेज मोटर पूर्ण लोडवर साधारण ७.५ अँपिअर करंट घेते. पाणी उपसायचे खरे काम करतात ६ अँपिअर. मोटरच्या लोखंडात चुंबकत्व उभे करायला ४.५ लागतात. दोन्ही मिळून १०.५ व्हायला हवेत, तरी क्लॅम्प मीटर (वायरभोवती पकडून करंट मोजणारा मीटर) ७.५ दाखवतो आणि तेच बरोबर आहे, कारण ही बेरीज काटकोन त्रिकोणाची आहे. ३६ अधिक २०.२५ म्हणजे ५६.२५, त्याचे वर्गमूळ ७.५. चुंबकत्वाचा करंट व्होल्टेजच्या पाव फेरा मागे चालतो. आपल्या ५० हर्ट्झवर हा पाव फेरा म्हणजे ५ मिलिसेकंद.

हा हिशेब शाळेच्या बीजगणितात आणून बसवला चार्ल्स प्रोटियस स्टाइनमेट्झ यांनी. जन्म १८६५ चा, ब्रेस्लाउ शहरातला. ते आज पोलंडमध्ये आहे. पाठीला जन्मजात कुबड, उंची जेमतेम चार फूट. डॉक्टरेट हातातोंडाशी आली असताना समाजवादी चळवळीपायी १८८८ मध्ये त्यांना देश सोडावा लागला. पुढच्याच वर्षी ते अमेरिकेत पोचले. १९०२ पासून न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीच्या युनियन कॉलेजात ते विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. तोवर त्यांची दोन मोठी कामे होऊन गेली होती.

पहिले १८९२ चे. लोखंडाचे चुंबकत्व सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट केले की ते तापते. ही हानी चुंबकीय घनतेच्या १.६ व्या घाताने वाढते, हे त्यांनी मोजमापांतून मांडले. घनता १० टक्के वाढली की हानी सुमारे १६ टक्के वाढते. रात्री सगळ्या मोटरी बंद असतानाही बांधावरची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, कोमट लागते, त्यामागे लोखंडातली हीच हानी आहे. (हात लावून मात्र पाहू नये.)

दुसरे १८९३ चे. मागे राहणारा करंट ‘जे’ने गुणून लिहायचा. ‘जे’ म्हणजे उणे एकचे वर्गमूळ, आणि त्याने गुणणे म्हणजे पाव फेरा वळवणे. प्रत्येक क्षणाचे समीकरण सोडवत बसायची गरजच संपली. माझ्या मते विजेच्या अभियंत्याला याहून उपयोगी हत्यार दुसरे मिळालेले नाही.

आता मोटरला २ केव्हीएआरचा कॅपॅसिटर जोडा. (कॅपॅसिटर चार्ज साठवतो आणि परत सोडतो; केव्हीएआर हे त्याच्या क्षमतेचे माप.) तो २.८ अँपिअर घेतो, पण पाव फेरा पुढे राहून. ४.५ मधून २.८ गेले, उरले १.७. पुन्हा तोच त्रिकोण मांडला की वायरमधला करंट ६.२ वर येतो. तारेतली उष्णता करंटच्या वर्गाने बदलते, म्हणून ती सुमारे ३० टक्के घटते. ६३ केव्हीएची डीपी फेजला ८४ अँपिअर देते. तिच्यावर अशा ११ मोटरी चालत असतील, तर कॅपॅसिटर लावल्यावर १३ चालतात.

चुका इथेच होतात. दोनने इतका फायदा, मग पाच केव्हीएआर लावू, हा हिशेब मोटर जाळतो. कॅपॅसिटरचा करंट मोटरच्या रिकाम्या चालीच्या (लोड नसतानाच्या) करंटपेक्षा जास्त झाला, तर स्विच बंद केल्यावर फिरती मोटर स्वतःच जनरेटर बनते, व्होल्टेज चढते आणि वाइंडिंगचे इन्सुलेशन जाते. रिकाम्या चालीच्या करंटच्या ९० टक्क्यांच्या आतच राहावे. दुसरी चूक ओव्हरलोड रिलेची, म्हणजे करंट जास्त झाला की पडून मोटर बंद करणाऱ्या स्विचची. कॅपॅसिटर ओव्हरलोड रिलेच्या पुढे, मोटरच्या बाजूला जोडला, तर रिलेला ६.२ च दिसतात. सेटिंग ७.५ वर तसेच राहिले तर मोटर तापेल आणि रिले पडणार नाही, ते ६.२ वर आणावे, नाहीतर कॅपॅसिटर रिलेच्या अलीकडे घ्यावा.

लावलेला कॅपॅसिटर जिवंत आहे का, हे क्लॅम्प मीटर सांगतो. त्याच्या तिन्ही वायरींत सारखे २.८ अँपिअर दिसले पाहिजेत. व्होल्टेज ३५० वर घसरले असेल तर २.४ च्या आसपास दिसतील, तो दोष नव्हे. एखादी वायर वेगळा आकडा दाखवत असेल तर आतला एक भाग गेला आहे. बदलताना सप्लाय तोडून पाच मिनिटे थांबावे आणि टर्मिनलवर मीटर लावूनच हात घालावा, कारण आतला डिस्चार्ज रेझिस्टर तुटला असेल तर चार्ज तसाच बसून राहतो.