स्तरित पदार्थांतील धातुसंकुल उत्प्रेरक

अकार्बनी स्तरित घनाच्या दोन थरांमधील फटीत धातुसंकुल (मध्यवर्ती धातूच्या अणूभोवती इतर रेणू वा आयन जोडलेली रचना) बसवून तयार केलेले उत्प्रेरक. द्रावणात विरघळणारी संकुले सौम्य तापमानाला नेमके काम करतात. पण विक्रिया संपल्यावर ऱ्होडियमसारखा महाग धातू उत्पादितातून वेगळा काढणे जिकिरीचे असते. तेच संकुल थरांत बसवले, की घन गाळून पुन्हा वापरता येतो.

संकुल धरून ठेवतो तो मुख्यतः विद्युत् प्रभार. माँटमोरिलोनाइट, हेक्टोराइट यांसारख्या मृत्तिकांचे (चिकणमातीतील स्तरित खनिजांचे) सुमारे १ नॅनोमीटर जाडीचे थर ऋणप्रभारित असतात. फटीतील सोडियम आयनांची जागा धनप्रभारी संकुल घेते. हायड्रोटाल्साइट वर्गातील द्विधातू हायड्रॉक्साइडांत प्रभार उलटा, म्हणून तिथे ऋणायनी संकुले बसतात. कोबाल्ट थॅलोसायनिनाच्या सल्फोनेटाचे (अशाच एका ऋणायनी संकुलाचे) निळे द्रावण अशा पांढऱ्या भुकटीबरोबर ढवळले, की द्राव फिका पडत जातो आणि भुकटी निळी होते. मात्र हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडापासून बनणारे कार्बोनेट या फटीत घट्ट बसते आणि संकुलाला जागा उरत नाही. त्यामुळे उकळून घेतलेले पाणी आणि नायट्रोजनाचे वातावरण वापरतात. संकुल खरोखर आत शिरले का, हे क्ष-किरण विवर्तनात दिसते: थरांतील अंतर वाढले, की पहिले शिखर कमी कोनाकडे सरकते.

फट ही नुसती साठवणीची जागा नव्हे, हेच या उत्प्रेरकांचे खरे वैशिष्ट्य. मृत्तिका द्रावकात फुगते आणि किती फुगेल ते द्रावकावर ठरते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टॉमस पिनाव्हाया यांनी मिशिगन स्टेट विद्यापीठात हेक्टोराइटमधील ऱ्होडियम-फॉस्फीन संकुलांवर (फॉस्फीन म्हणजे धातूला जोडला जाणारा फॉस्फरसयुक्त रेणू) काम केले. अल्काइनांच्या (कार्बन-कार्बन त्रिबंध असलेल्या संयुगांच्या) हायड्रोजनीकरणात रेणू फटीत मावतो की नाही यावर विक्रियेचा वेग अवलंबून असल्याचे त्यातून दिसले. म्हणजे संकुल तेच ठेवून केवळ द्रावक बदलला, तरी निवडकता, म्हणजे कोणत्या रेणूची विक्रिया अधिक होते ते, बदलू शकते.

संकुलाची गळती हा मोठा दोष. उत्प्रेरणाच्या चक्रात संकुल प्रोटॉन गमावून उदासीन झाले, तर त्याला थराशी बांधणारे काही उरत नाही आणि ते द्रावणात निसटते. उपाय म्हणून फॉस्फीनालाच फॉस्फोनियम गटाचा धनप्रभार जोडतात. मग धातूचा प्रभार गेला तरी संकुल आतच राहते. गळती तपासण्यासाठी विक्रिया अर्ध्यावर असताना मिश्रण गरम असतानाच गाळतात. गाळीव द्रावणातही विक्रिया पुढे सरकली, तर काम बाहेर पडलेला धातू करत होता असे समजावे.