सिस्टरच्या हाती उपचार: सहा महिन्यांच्या प्रशिक्षणामागचा इतिहास

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर लेकरू तापानं फणफणलं की आई-बाप आधी उपकेंद्रातल्या सिस्टरकडे धावतात. आदिवासी भागात उपकेंद्र 3 हजार लोकसंख्येमागे असतं. डॉक्टर बसतो तो प्राथमिक आरोग्य केंद्रात, तेही 20 हजारांमागे एक. त्यामुळे पेशंट पहिल्यांदा सिस्टरच पाहते. तिला ते शिकवायचं मात्र आपण फार उशिरा मनावर घेतलं.

1946 च्या भोर समितीनं एमबीबीएस हा एकच दर्जा ठेवून लायसेन्शिएट, म्हणजे कमी मुदतीचं शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांचे अभ्यासक्रम बंद करण्याची शिफारस केली. दर्जाचा आग्रह रास्त होता, पण खेड्यात जाणारी फळी त्यातून आटली. पुढे 1973 मध्ये कर्तारसिंग समितीनं एएनएमला, म्हणजे उपकेंद्रातल्या सिस्टरला, बहुउद्देशीय सेविका केलं. लसीकरण, कुटुंबनियोजन, बाळंतपणं, रजिस्टरं सगळं तिच्याच गळ्यात आलं आणि तिचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम दीड वर्षावर आला. काम वाढवून शिक्षण कमी करणं, हा मला या इतिहासातला सर्वांत मोठा अन्याय वाटतो.

अमेरिकेत वाट वेगळी निघाली. 1965 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड ही नर्स आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी अनुभवी नर्सेसना मुलं तपासायला आणि निदान करायला शिकवलं. नर्स प्रॅक्टिशनर ही शाखा तिथून वाढली.

आपल्याकडे नर्सिंग कौन्सिलनं 2016-17 च्या सुमारास असा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणला, पण अतिदक्षता विभागासाठी. उपकेंद्राचा विचार 2018 च्या आयुष्मान भारत योजनेनंतर झाला. समुदाय आरोग्य अधिकारी हे पद आलं. बीएस्सी नर्सिंग किंवा बीएएमएस झालेल्यांना सहा महिन्यांचं प्रशिक्षण. राज्यात तो अभ्यासक्रम नाशिकच्याच महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठानं चालवला.

तिशीपुढच्या प्रत्येकाचं बीपी आणि शुगर तपासणं हे या अधिकाऱ्याचं रोजचं काम. बीपीची गोळी सुरू करायची डॉक्टरांनी, पुढे ती देत राहायची उपकेंद्रानं. द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी-निफाडला मजुरीला गेलेल्या माणसाच्या गोळ्यांत खंड पडला, तर परतल्यावर दंडाला बीपीचा पट्टा बांधून पारा किती चढलाय ते बघायचं, पाय सुजलेत का ते दाबून पाहायचं, आणि वर पाठवायचं की इथंच सांभाळायचं हे ठरवायचं. हा निर्णय वर्गात बसून येत नाही. त्यासाठी अनुभवी वैद्यकीय अधिकाऱ्याच्या शेजारी ओपीडीत महिनोन्‌महिने पेशंट पाहावे लागतात, आणि सहा महिन्यांत तेवढा वेळ मिळत नाही.

2019 च्या वैद्यकीय आयोग कायद्यानं, कलम 32 मध्ये, प्राथमिक उपचारांपुरता मर्यादित परवाना देण्याची सोय केली आहे. तो नर्सेसना द्यायचा असेल, तर आधी प्रशिक्षणाचा हा काळ वाढवायला हवा.