जेवताना घ्यायची फॉस्फरस पकडणारी गोळी कुठून आली

बाबा किडनीच्या आजाराने डायलिसिसवर आहेत. त्यांचा हात दुखावला म्हणून एक्स-रे काढला, हाड ठीक निघालं पण मनगटाजवळ दोन बारीक पांढऱ्या रेघा शेजारी शेजारी गेलेल्या दिसल्या. डॉक्टर म्हणाले, ही धमनी आहे, कॅल्शियम साचलंय. एरवी साध्या एक्स-रेत धमनी दिसत नाही. तेव्हापासून हे सगळं वाचत बसलेय.

सुरुवात अमेरिकेतल्या सिएटलची. मार्च १९६० मध्ये तिथे डॉ. स्क्रिब्नर यांनी किडनी निकामी झालेले पेशंट क्लाइड शील्ड्स यांच्या हातात टेफ्लॉनच्या नळ्या बसवल्या आणि पुन्हा पुन्हा डायलिसिस करता यायला लागलं. शील्ड्स ११ वर्षं जगले आणि गेले ते हार्ट अटॅकने. १९७४ मध्ये सिएटलच्याच डॉक्टरांनी लिहिलं की डायलिसिसवरच्या लोकांच्या रक्तवाहिन्या फार लवकर खराब होतायत.

यात मोठा वाटा फॉस्फरसचा. रोजच्या जेवणातून साधारण १ ग्रॅम पोटात जातो, निकामी किडनी तो बाहेर टाकत नाही, डायलिसिसने सगळा निघत नाही, आणि आपल्याकडे तर कित्येकांचं आठवड्यातून दोनदाच होतं. म्हणून जेवणातच फॉस्फरसला पकडणारी गोळी, जी रिकाम्या पोटी घेतली तर पकडायला काही नसतंच. आधी अ‍ॅल्युमिनियमची औषधं द्यायचे, पण ७०च्या दशकात अ‍ॅल्युमिनियम मेंदूत साचून पेशंटचं बोलणं अडखळतं, विसरायला होतं हे कळलं (डायलिसिसच्या पाण्यातूनही ते जायचं). मग आलं कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूत असतं तेच. स्वस्त, मेंदूला धोका नाही, सगळ्यांना हायसं वाटलं.

आणि मग २००० साल. अमेरिकेत डायलिसिसवरच्या तरुणांचे हृदयाचे स्कॅन केले तर २० ते ३० वयाच्या १६ पैकी १४ जणांच्या हृदयाच्या धमन्यांत कॅल्शियम! विशीतली पोरं हो. ज्यांच्यात साचलं होतं ते गोळ्यांतून जवळपास दुप्पट कॅल्शियम घेत होते. त्याच वर्षी प्रयोगशाळेत दिसलं की फॉस्फरस वाढला की धमनीच्या स्नायूंच्या पेशी हाडाच्या पेशींसारख्या वागायला लागतात, म्हणजे हे नुसतं नळाला क्षार धरल्यासारखं नाही, धमनीच आतून हाड बनायला निघते.

१९९८ मध्ये अमेरिकेत सेव्हेलॅमर आलं होतं, तेही फॉस्फरस पकडणारं औषध, पण त्यात कॅल्शियम नाही. २००२च्या २०० पेशंटच्या अभ्यासात त्याने धमन्यांतलं साचणं कमी वाढलं, पण २००७च्या मोठ्या अभ्यासात एकूण मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत, हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. तरी २०१७च्या जागतिक मार्गदर्शनात कॅल्शियमच्या गोळ्यांना मर्यादा घालायला सांगितलंय. साचलेलं खात्रीने विरघळवेल असं औषध अजून हातात नाही.

बाबांची गोळी आता बदललीय. आई ती ताटातच ठेवते, मिठाच्या जागी, कारण मीठ तसंही बंदच आहे.