नाणेघाटातला उलटा धबधबा आणि ते 'गुरुत्वाकर्षण चालत नाही' प्रकरण
दरवर्षी जून उजाडला की धबधब्याचं पाणी खाली पडायच्या ऐवजी वर उडतानाचा तोच व्हिडिओ परत फिरायला लागतो, खाली लिहिलेलं असतं की नाणेघाटात गुरुत्वाकर्षण काम करत नाही, शास्त्रज्ञही चक्रावले वगैरे. अहो कोणी चक्रावलेलं नाहीये! अरबी समुद्रावरनं येणारा पावसाळी वारा कोकणातनं सुसाट येतो आणि सह्याद्रीच्या सरळसोट भिंतीला धडकतो, पुढे जायला जागा नाही म्हणून मग कड्याला घासत वर चढतो, आणि धबधब्याची धार बारीक असली की पाण्याचे थेंब सरळ वर उडवून आपल्याच तोंडावर आणून टाकतो. बस एवढंच. वारा पडला की तेच पाणी गुपचूप खाली पडतं, हे मात्र व्हिडिओत कोणी दाखवत नाही 😄 आंबोलीजवळ कावळेसादला पण हेच होतं, हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरनं हलकी वस्तू टाकली तर परत वर येते त्याचं कारणही हेच.

आणि हो, वारा थेंब उचलतो, माणूस नाही, त्यामुळे रीलसाठी काठावर जाऊ नका, शेवाळलेला दगड असतो तिथे. त्यापेक्षा नाणेघाटातल्याच गुहेतला सातवाहनांचा ब्राह्मी शिलालेख बघा, तो खरंच चक्रावून टाकतो.