बाईच्या धंद्यात घातलेला पैसा जातो कुठं?

2004 च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत अर्थतज्ज्ञांनी एक प्रयोग केला. अगदी छोट्या धंदेवाल्यांना, म्हणजे कोणी लेस विणणारी, कोणी सायकली दुरुस्त करणारा, त्यातल्या काहींना चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडून 10 किंवा 20 हजार श्रीलंकन रुपयांची मदत दिली, कर्ज नाही, फुकटच, कुणाला रोख तर कुणाला माल नाहीतर मशीन घेऊन. पुरुषांचा नफा चांगला वाढला, बायकांचा सरासरीनं जवळपास शून्य! आता असा आकडा दिसला की "बायकांना धंदा जमत नाही" असं म्हणून लोकं मोकळी होतात.

पण 2019 मध्ये श्रीलंका, भारत आणि घाना इथल्या प्रयोगांचा डेटा परत चाळला गेला आणि खरी गोची कळली. ज्या घरात एकट्या बाईचाच धंदा होता तिथं तिचा नफा मस्त वाढला होता. जिथं नवऱ्याचाही धंदा होता तिथं तिच्या नावावर आलेला पैसा त्याच्या धंद्यात वळला होता, घराची कमाई वाढली पण तिच्या वहीत काहीच दिसेना. नवऱ्यानं हिसकावलाच असं नाही हं, दोघांनी मिळूनही ठरवलं असेल, पण तिच्या हातात काय राहिलं?

युगांडात बायकांना छोटी कर्जं देणाऱ्या ब्रॅक संस्थेनं कर्ज तेच ठेवलं, फक्त काही बायकांना नोटा न देता धंद्यासाठीच उघडलेल्या मोबाईल मनी खात्यात पैसे टाकले. 8 महिन्यांनी त्यांचा नफा 15 टक्के जास्त निघाला. घरच्यांचा पैशासाठी तगादा असलेल्यांना सगळ्यात जास्त फायदा झाला, कारण घरात नोटा दिसल्या की कुणाची फी, कुणाची उधारी, सगळं आठवतं.

वेळेचंही तसंच. साउथ आफ्रिकेत क्वाझुलू-नातालच्या खेड्यांत वीज पोचली तसं कामाला लागलेल्या बायकांचं प्रमाण साधारण 9 टक्के पॉइंटनी वाढलं. चूल आणि सरपण यातून दिवस सुटला की हे होतं.

आणि धंदा कुठला निवडलाय हे तर बघतच नाही कोणी. युगांडातच वेल्डिंग, सुतारकामासारख्या "पुरुषी" धंद्यात शिरलेल्या बायका पुरुषांइतकंच कमावतात, शिवणकाम-पार्लरवाल्या बायकांच्या जवळपास तिप्पट. शिरल्या त्या बहुतेक कुणीतरी पुरुषानं हात धरून आणल्या म्हणून, आणि मागं राहिलेल्यांतल्या बऱ्याच जणींना तर तिकडं जास्त पैसा आहे हे माहीतच नव्हतं.