‘हॅव’ म्हणजे ‘आहे’ नव्हे

‘मी हे पुस्तक 2015 मध्ये वाचले आहे’ हे मराठी वाक्य कोणाला खटकत नाही. त्याचेच शब्दशः इंग्रजी करून ‘आय हॅव रेड धिस बुक इन 2015’ असे म्हटले, की ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे तो मात्र अडखळतो. ‘हॅव रेड’ म्हणताना बोलणारा वर्तमानात उभा राहून मागे पाहत असतो आणि ‘इन 2015’ म्हणताच तो ऐकणाऱ्याला थेट त्या सरलेल्या वर्षात नेऊन सोडतो. या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात करण्याची मुभा इंग्रजी देत नाही, मराठी देते. पूर्ण वर्तमानकाळ शिकताना ‘हॅव’ म्हणजे ‘आहे’ असे जे समीकरण आपण पाठ करतो, ते इथे फसते.

शाळेतल्या तक्त्यात इंग्रजीचे बारा काळ असतात, पण त्या तक्त्यात दोन निराळ्या गोष्टी एकत्र कालवलेल्या आहेत. क्रिया कधी घडली हे सांगतो तो काळ. ती क्रिया पुरी झालेली म्हणून पाहायची, की चालू असताना आतून पाहायची, हे सांगते तिला भाषाशास्त्रात क्रियाव्याप्ती म्हणतात. तीन काळांपैकी प्रत्येकाला ‘पूर्ण’ची जोड द्यायची की नाही आणि ‘अपूर्ण’ची द्यायची की नाही, एवढ्या दोनच निवडी असतात, तीन गुणिले दोन गुणिले दोन, असे ते बारा होतात. रचनाही शिस्तीची आहे. ‘हॅव’ आपल्या पुढच्या क्रियापदाचे तिसरे रूप मागते, तर अपूर्णकाळातले ‘बी’ पुढच्या क्रियापदाला ‘आयएनजी’ लावायला लावते. म्हणून ‘शी हॅज बीन रायटिंग’ या वाक्यात ‘हॅज’मुळे ‘बी’चे ‘बीन’ झाले आणि त्या ‘बीन’मुळे ‘राइट’चे ‘रायटिंग’. ही साखळी एकदा दिसली, की बारा रकाने घोकण्याची गरज बरीचशी संपते.

पूर्णकाळाचे कोडे उलगडण्यासाठी हान्स रायशेनबाख या तत्त्वज्ञाने 1947 मध्ये मांडलेली कल्पना आजही उपयोगी पडते. त्याने दोनऐवजी तीन बिंदू मानले: बोलण्याचा क्षण, घटनेचा क्षण आणि जिथून घटनेकडे पाहिले जाते तो संदर्भबिंदू. ‘आय लॉस्ट माय की’ या साध्या भूतकाळात संदर्भबिंदू घटनेपाशीच असतो; किल्ली तेव्हा हरवली, पुढे कदाचित सापडलीही असेल. ‘आय हॅव लॉस्ट माय की’मध्ये घटना तीच, पण पाहण्याची जागा आत्ताची, आणि त्यामुळे ऐकणारा सहसा असे धरून चालतो की किल्ली अजून सापडलेली नाही. ‘व्हेन शी अराइव्ह्ड, ही हॅड लेफ्ट’मध्ये हा बिंदू तिच्या येण्याच्या क्षणी आहे आणि त्याचे जाणे त्या क्षणाच्याही आधीचे.

‘हॅव’ या कामाला कसे लागले, याची कथा मराठी वाचकाला विशेष रंजक वाटावी. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘जवळ असणे’ हाच होता आणि या रचनेचा मूळ भाव ‘लिहून झालेले पत्र माझ्यापाशी आहे’ असा होता. त्यातले ‘लिहिलेले’ हे रूप कर्माचे विशेषण असल्यामुळे ते कधीकधी कर्माप्रमाणे बदलतही असे. आपल्याकडे ‘पत्र लिहिले आहे’ आणि ‘चिठ्ठी लिहिली आहे’ यांत क्रियापद कर्मामागे जाते, तसेच काहीसे. पुढे फ्रेंच आणि जर्मन भाषांमध्ये अशाच रचना झिजत झिजत साध्या भूतकाळाचे काम करू लागल्या, त्यामुळे त्या भाषांत ‘काल’ हा शब्द त्यांच्यासोबत खुशाल येतो. इंग्रजीत ती झीज झाली नाही. अमेरिकेत ‘डिड यू ईट येट?’ असे साध्या भूतकाळात सर्रास विचारतात हे खरे, पण ‘हॅव’सोबत ‘यस्टर्डे’ तिथेही चालत नाही.

अपूर्णकाळाचा स्वभाव वेगळा आहे. तो क्रियेची सुरुवात आणि शेवट नजरेआड करून फक्त मधला भाग दाखवतो, आणि त्यातून एक गंमत निर्माण होते. ‘ती चालत होती’ हे खरे असेल, तर ‘ती चालली’ हेही खरेच असते. पण ‘ती वर्तुळ काढत होती’ यावरून वर्तुळ पुरे झाले असे म्हणता येत नाही. झेनो वेंडलर या तत्त्वज्ञाने 1957 मध्ये क्रियापदांचे चार गट पाडले ते अशाच फरकांच्या आधारे: स्थिती, चालू राहणाऱ्या क्रिया, शेवटाकडे जाणाऱ्या क्रिया आणि क्षणात घडणाऱ्या घटना. स्थितीला मधला टप्पा असा नसतोच, म्हणून ‘आय अ‍ॅम नोइंग’ प्रमाण इंग्रजीत बसत नाही. तरीही स्थितीला मुद्दाम ‘आयएनजी’ लावले, की अर्थ बदलतो: ‘ही इज रूड’ म्हणजे तो स्वभावानेच उद्धट, आणि ‘ही इज बीइंग रूड’ म्हणजे तो या घडीला उद्धटपणे वागतो आहे. माझ्या मते हे एक उदाहरण नियमांच्या लांब यादीपेक्षा अधिक शिकवते.

दोन्ही दृष्टी एकत्र येतात तिथे आपली खरी अडचण होते. ‘मी तीन वर्षांपासून इथे राहत आहे’ हे आपण वर्तमानकाळात सांगतो (जर्मन आणि फ्रेंच भाषकही तसेच सांगतात), आणि मग इंग्रजीत ‘आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स थ्री इयर्स’ असे उतरते. यात दोन चुका आहेत. मराठीतले ‘पासून’ आरंभबिंदूलाही लागते आणि कालावधीलाही. इंग्रजीत ‘सिन्स’ केवळ आरंभबिंदूसाठी आहे, कालावधीला ‘फॉर’ हवे. दुसरे म्हणजे, भूतकाळात सुरू होऊन आत्तापर्यंत पोचलेली क्रिया इंग्रजीला मागे वळून पाहावी लागते, म्हणून ‘हॅव बीन लिव्हिंग’. याच जोडरूपामुळे ‘आय हॅव रेड द बुक’ म्हणणाऱ्याचे पुस्तक वाचून झालेले असते, तर ‘आय हॅव बीन रीडिंग द बुक’ म्हणणाऱ्याच्या पुस्तकात खूण अजून मध्येच कुठेतरी असू शकते.